मोटारीच्या पुढच्या कांचेचें रबर

औसा तालुक्यांतील किल्लारीहून एका वाचकबंधूंचें पत्र आमच्याकडे आलें आहे. त्यांच्या आजोबांनीं घेतलेली फियाट मोटार अद्याप घरीं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपांत त्यांचा वाडा गेला, घरचीं माणसें गेलीं. पत्र्याच्या छपराखालीं उभी असलेली ही गाडी तेवढी राहिली. आतां पावसाळ्यांत तिच्या पुढच्या कांचेवाटे पाणी आंत येतें, पायाखालचें अंथरलेलें भिजतें, आणि कारागीर 'फटींत सिलिकोन भरून टाकूं' म्हणतो. धाकटी मंडळी म्हणतात, गाडीच विकावी. आजी तें ऐकून घेत नाहींत. पत्रलेखकांस आमचें मत पाहिजे आहे. विकण्याचा प्रश्न घरच्या वडील माणसांनीं सोडवावा, तेथें तिऱ्हाइतानें बोलूं नये. पण घरांतील यंत्रांची निगा हा या सदराचा विषय असल्यानें सिलिकोनविषयीं आम्ही निःसंकोचपणें सांगतों कीं, तें भरूं नये.

या गाड्यांत पुढची कांच पत्र्याला चिकटविलेली नसते. तिच्या सभोंवार रबराची जाड पट्टी असते व त्या पट्टीला दोन खांचा असतात. एकींत कांचेची कड बसते, दुसरींत चौकटीच्या पत्र्याची. खडबडीत रस्त्यावर गाडीचें अंग थोडेंबहुत पिळवटतें; कांचेला तर पिळवटणें ठाऊक नाहीं. त्या दोघांचें भांडण मधलें रबर मिटवितें. मराठवाड्यांत उन्हाळ्यांत पारा ४० अंशांवर चढणें नित्याचेंच. ऊन आणि हवेंतील ओझोन यांच्यापुढें रबर कांहीं वर्षांनीं कडक होतें, आखडतें, भेगाळतें. आखडलेल्या रबराचे कोपरे प्रथम सुटतात, आणि तेथून शिरलेलें पाणी खांचेच्या तळाशीं साचून राहतें. गळतीचा दोष सर्वजण रबराला देतात. खरा रोगी असतो तो रबराखालीं डोळ्यांआड कुजणारा पत्रा. वरून सिलिकोन फासलें कीं आंत शिरलेल्या पाण्याची बाहेर पडण्याची वाटहि बंद होते. शिवाय ज्या सिलिकोनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, त्यांतून सुकतांना ॲसेटिक आम्ल सुटतें, व उघड्या लोखंडावर तें गंज चढवितें.

फियाटचें हें घराणें आतां आपलेंच म्हणावयास हरकत नाहीं. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून फियाट ११०० आणि पुढें पद्मिनी या नांवानें या गाड्या निघाल्या. मुंबईंत काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या रूपानें त्या धांवत होत्या, तोंवर हें रबर बसविणारे हात मुबलक होते. तेथील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली, आणि २० वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरांत तीहि रस्त्यावरून गेली. हल्लींच्या मोटारींची कांच पॉलियुरेथेनच्या लुकणानें पत्र्याला कायमची चिकटविलेली असते. त्याच कामांत वाढलेल्या तरुण कारागिरास जुनी रीत माहीत नसली तर तो त्याचा दोष नव्हे. इंग्लंडांत एम.जी. किंवा ट्रायम्फच्या जुन्या स्पोर्ट्‌स मोटारी हौसेनें सांभाळणारे लोक मात्र अजून याच रीतीनें घरच्या घरीं रबर बदलतात. आपल्याकडेहि तें होण्यासारखें आहे, आणि एकत्र कुटुंबांत हातांची वाण नसते.

प्रथम वायपरच्या दांड्या काढाव्या. जुनें रबर पुन्हां वापरावयाचें नसल्यानें त्याचा बाहेरचा ओठ सुरीनें कापून टाकावा व दोघांनीं मिळून कांच बाहेर उचलावी. ती सतरंजीवर ठेवावी, फरशीवर नव्हे. कडेचा बारीकसा टवका उडाला तरी पुढें तेथूनच चीर पळते. जुन्या रबराचा तुकडा नमुना म्हणून दुकानदारास दाखवावा, पण त्याची लांबी मोजून नवें कापूं नये, कारण जुनें आखडलेलें असतें.

मग पत्र्याची कड. वाचकांनीं सारा धीर येथें खर्च करावा. जुनें लुकण खरवडून काढावें, गंज तारेच्या ब्रशानें व पॉलिश कागदानें घांसून लखलखीत पत्रा लागेपर्यंत जावें. भोंक पडलें असेल तर लांबी भरून झांकूं नये. नवा पत्रा जोडून वेल्डिंग करवावें, आणि तेंहि घांसून मूळच्याइतकेंच पातळ करवावें, कारण जाड कडेवर रबर बसत नाहीं. त्यावर प्रायमर, त्यावर रोगण, आणि तें पुरतें वाळेपर्यंत कांहीं दिवस स्वस्थ बसणें. म्हणून हें काम मृगाच्या आदल्या दिवशीं नव्हे, चैत्र-वैशाखांत काढावें.

नवें रबर थोडा वेळ उन्हांत ठेवलें कीं नरम होतें. तें कांचेभोंवतीं चढवावें. ताणूं मात्र नये, ताणलेलें पुढें आखडून कोपरे सोडतें. पत्र्यासाठीं असलेल्या खांचेंत पेन्सिलीहून बारीक अशी गुळगुळीत दोरी सभोंवार घालावी; तिचीं दोन्ही टोंकें खालीं मध्यावर वीतभर एकमेकांवर यावीं व आंतल्या बाजूस लोंबावीं. खांचेला व पत्र्याला साबणाचें पाणी लावावें. तेल किंवा ग्रीस लावण्याचा मोह पुष्कळांस होतो. खनिज तेलानें रबर फुगतें, तें लावूं नये. आतां दोघांनीं बाहेरून कांच चौकटींत बरोबर मध्यावर टेकवावी. एकानें आंत बसून दोरीचें एक टोंक कांचेच्या मध्याच्या दिशेनें सावकाश ओढावें. दोरी निघते तसतसा रबराचा आंतला ओठ पत्र्याच्या कडेवरून उलटून आंत येतो. बाहेरच्यानें दोरीच्या बरोबरीनें तळहातानें कांच दाबीत जावें, मुठीनें ठोकूं नये. कोपऱ्यावर दोरी अडली तर ओढाताण न करतां थांबावें, पुन्हां साबणपाणी लावावें, कांच हलकेच सारखी करावी. (पोरांना एवढा वेळ आजीपाशीं पाठवावें, दोरी ओढण्याची हौस सर्वांनाच असते.) ओठ सर्वत्र बसला कीं बाहेरून त्याखालीं कांचेसाठींचें, न वाळणारें मऊ लुकण थोडें भरावें.

दुसऱ्या दिवशीं पाण्याची परीक्षा घ्यावी. एकानें आंत विजेरी घेऊन बसावें. डॅशबोर्डवर व पायांखालीं कोरडें वर्तमानपत्र पसरावें. बाहेरच्यानें नळीची बारीक धार प्रथम खालच्या कडेवर, मग बाजूंवर आणि शेवटीं वर सोडावी. एकदम वरून पाणी ओतलें तर गळतीचें मूळ सांपडत नाहीं. वरच्या कोपऱ्यांत शिरलेलें पाणी खांचेखांचेंतून फिरून भलत्याच ठिकाणीं टपकतें. कागद कोठें ओला झालाच, तर धार त्या वेळीं जेथें होती तेथील ओठ लांकडी चमच्याच्या दांडीनें उचलून लुकण भरावें. सबंध कांच पुन्हां काढण्याची पाळी बहुधा येत नाहीं.