हुतात्म्यांचे स्मरण : नावांच्या भिंतीपुढील प्रश्न

प्रजासत्ताक दिनी संचलनास प्रारंभ होण्यापूर्वी पंतप्रधान नवी दिल्लीतील राष्ट्रीय समर स्मारकावर पुष्पचक्र अर्पण करतात. २०२० पासून हा शिरस्ता आहे. तत्पूर्वी हे अभिवादन इंडिया गेटच्या कमानीखालील अमर जवान ज्योतीपाशी होत असे. काही मिनिटांचा हा सोहळा संपूर्ण देश दूरचित्रवाणीवर पाहतो. मात्र राष्ट्राच्या भिंतीवर कोणाचे नाव कोरले जाते, कोणाचे कोरले जात नाही आणि नाव कोरल्यानंतर त्या घराविषयीची राष्ट्राची जबाबदारी कोठवर जाते, हे प्रश्न सोहळा आटोपल्यावरही शिल्लक राहतात. हुतात्म्यांच्या सन्मानाचा खरा कस तेथेच लागतो.

वीरगळापासून संगमरवरी फलकापर्यंत

रणात पडलेल्याची आठवण दगडात जपण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. महाराष्ट्रातील अनेक गावांत वेशीजवळ अथवा देवळाच्या आवारात आजही वीरगळ आढळतात. खालच्या चौकटीत लढाईचा प्रसंग, त्यावर अप्सरांसमवेत स्वर्गारोहण, वरच्या चौकटीत शिवपूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, अशी त्यांची सर्वसाधारण रचना असते. चंद्रसूर्य असेतोवर या वीराची कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ. बहुतेक वीरगळांवर लेख मात्र नसतो. गावाला तो वीर ठाऊक होता, म्हणून नावाची गरज भासली नसावी. पुढे पिढ्या गेल्या, नाव विस्मृतीत गेले आणि शेंदूर लावलेला दगड तेवढा उरला.

पहिल्या महायुद्धानंतर दगडाची जागा संगमरवरी फलकाने घेतली. या युद्धात तेरा लाखांहून अधिक हिंदी सैनिक व मदतनीस विविध आघाड्यांवर गेले आणि सुमारे ७४ हजार परतले नाहीत. ज्या गावांतून मोठ्या संख्येने भरती झाली, तेथे सरकारने फलक बसविले. गावातून किती जण गेले आणि किती जणांनी प्राण दिले, हे त्यांवर नोंदलेले असते. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाचे ४६ जवान या युद्धात कामी आले. ‘मिलिटरी’ हा शब्द आज या गावाच्या नावाचाच भाग झाला आहे. अशा फलकांवर सहसा आकडा असतो, नावे नसतात.

परदेशांतील स्मारकांची कथा अधिक बोलकी आहे. फ्रान्समधील नव्ह शापेल येथील स्मारकावर चार हजार सातशेहून अधिक हिंदी सैनिकांची नावे कोरलेली आहेत. याउलट इराकमधील बसरा येथील स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, पण हजारो हिंदी शिपायांची पलटणनिहाय केवळ संख्या देण्यात आली. सेना एकच, युद्धही एकच. स्मरणाची पद्धत मात्र वेगळी. युद्धस्मारकांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या विशेष समितीने २०२१ मधील अहवालात या असमानतेची कबुली दिली आणि आयोगाने त्याबद्दल क्षमा मागितली. शंभर वर्षांनंतर मागितलेल्या या क्षमेचे मूळ एका साध्या गोष्टीत होते : शिपायाचे नाव लिहिण्याचे कष्ट तेव्हा घेतले गेले नाहीत.

सहा दशकांची प्रतीक्षा

स्वतंत्र भारतालाही आपल्या सैनिकांच्या नावांसाठी दीर्घ काळ थांबावे लागले. १९३१ मध्ये उद्‌घाटन झालेले इंडिया गेट हे पहिले महायुद्ध आणि १९१९ च्या अफगाण युद्धाचे स्मारक. त्यावर तेरा हजारांहून अधिक नावे आहेत, पण ती ब्रिटिश अमदानीतील आहेत. १९७१ च्या विजयानंतर २६ जानेवारी १९७२ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते तेथे अमर जवान ज्योती प्रज्वलित झाली. उलटी रोवलेली बंदूक आणि तिच्यावरील शिरस्त्राण पिढ्यान्‌पिढ्यांच्या मनात ठसले. तथापि ज्यांच्यासाठी ही ज्योत तेवत होती, त्यांची नावे त्या वास्तूवर नव्हती.

स्वतंत्र समर स्मारकाचा प्रस्ताव प्रथम १९६० मध्ये पुढे आला. जागा, आराखडा आणि परवानग्या यांत दशके गेली. २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली आणि २५ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते स्मारकाचे लोकार्पण झाले. सुमारे ४० एकरांवरील या स्मारकात अमर, वीरता, त्याग आणि रक्षक अशी चार वर्तुळाकार चक्रे आहेत. त्यांपैकी त्यागचक्राच्या ग्रॅनाइटच्या भिंतींवर लोकार्पणाच्या वेळी २५ हजार ९४२ नावे होती. नावांत पदानुसार उच्चनीचता नाही, हे या भिंतींचे मोठे वैशिष्ट्य. बसऱ्याच्या भिंतीला दिलेले हे उत्तरच म्हणावे लागेल.

२१ जानेवारी २०२२ रोजी इंडिया गेटची ज्योत समर स्मारकातील ज्योतीत विलीन करण्यात आली, तेव्हा मतभेद उघड झाले. जेथे नावे आहेत तेथेच ज्योत असावी, असे सरकारचे म्हणणे होते. पन्नास वर्षांच्या जनस्मृतीचे स्थान विझवू नये, दोन्ही ज्योती तेवत ठेवता आल्या असत्या, असे टीकाकारांचे मत होते. पहिल्या म्हणण्यात तर्क आहे, दुसऱ्यात भावना आहे. आणि स्मारकाला दोन्हींची गरज असते.

भिंतीबाहेर कोण?

यादी म्हटली की निकष आला. समर स्मारकावरील नावे स्वातंत्र्योत्तर युद्धे व लष्करी मोहिमांत प्राण गमावलेल्या सैनिकांची आहेत. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल यांसारखी दले गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. त्यांच्या हुतात्म्यांसाठी दिल्लीतच चाणक्यपुरी येथे राष्ट्रीय पोलीस स्मारक आहे. १९५९ मध्ये लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे दहा पोलीस चिनी सैन्याच्या गोळीबारात मारले गेले. त्या २१ ऑक्टोबरच्या स्मृतिदिनीच २०१८ मध्ये हे स्मारक राष्ट्राला अर्पण झाले.

प्रशासकीय दृष्ट्या ही विभागणी सरळ आहे. पण १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान मृत्युमुखी पडले आणि त्यानंतर अकराच दिवसांनी समर स्मारकाचे लोकार्पण झाले. त्या जवानांसाठी देशभर मेणबत्त्या लावणाऱ्या नागरिकांनी मंत्रालयांचा भेद केला नव्हता.

शब्दांचीही अशीच गुंतागुंत आहे. बातम्यांत आणि भाषणांत ‘शहीद’ हा शब्द सर्रास येतो. मराठी वृत्तपत्रे ‘हुतात्मा’ असे लिहितात. परंतु सैन्यदले आणि केंद्रीय पोलीस दले यांच्या संदर्भात या संज्ञेची अधिकृत व्याख्या नाही, असे सरकारने संसदेत स्पष्ट केले आहे. लष्कराच्या कागदावर मृत्यूची नोंद ‘बॅटल कॅज्युअल्टी’ किंवा ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ अशी होते आणि कुटुंबाचे पुढचे आयुष्य बऱ्याच अंशी या नोंदीवर अवलंबून राहते.

नावामागचे घर

चकमकीत वा युद्धात मृत्यू आल्यास कुटुंबाला उदार कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते. ते सैनिकाच्या अखेरच्या वेतनाइतके असते. सेवेशी संबंधित अन्य कारणाने मृत्यू झाल्यास ते प्रमाण वेतनाच्या ६० टक्के असते. २०१६ पासून लागू झालेल्या दरांनुसार केंद्राचे सानुग्रह अनुदान मृत्यूच्या परिस्थितीप्रमाणे २५, ३५ अथवा ४५ लाख रुपये ठरविण्यात आले. राज्य सरकारे वेगळी मदत देतात आणि ती राज्यागणिक बदलते. म्हणजे एकाच खंदकात एकाच रात्री पडलेल्या दोन जवानांच्या घरी पोहोचणारी एकूण रक्कम, ते कोणत्या राज्याचे रहिवासी होते यावर, भिन्न असू शकते.

२०२२ मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेने यात आणखी एक प्रश्न जोडला. कर्तव्यावर मृत्यू आलेल्या अग्निवीराच्या कुटुंबाला ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचे अनुदान आणि उर्वरित कालावधीचे वेतन देण्याची तरतूद करण्यात आली. नियमित सैनिकाप्रमाणे निवृत्तिवेतन मात्र त्यात नव्हते. अग्निवीराच्या कुटुंबालाही नियमित सैनिकाच्या कुटुंबासारखे लाभ मिळावेत, अशी शिफारस संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने २०२४ मध्ये केली. एकरकमी रक्कम मोठी दिसते, हे खरे. परंतु तरुण पत्नी आणि लहान मूल मागे असता दरमहा येणाऱ्या वेतनाचा आधार वेगळा असतो. भिंत जर पद पाहत नसेल, तर भरतीचा प्रकारही पाहिला जाऊ नये, ही अपेक्षा अवाजवी नाही.

स्मरण या शब्दाचा अर्थ किती व्यापक असू शकतो, हे ऑगस्ट २०२२ मधील एका घटनेने दाखवून दिले. १९८४ मध्ये ऑपरेशन मेघदूतच्या वेळी सियाचीनमध्ये हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या कुमाऊँ रेजिमेंटच्या एका जवानाचे पार्थिव ३८ वर्षांनी हाती लागले. लष्करी क्रमांक कोरलेल्या धातूच्या बिल्ल्यावरून त्याची ओळख पटली. हल्द्वानी येथे लष्करी इतमामात त्याच्यावर अंत्यसंस्कार झाले, तेव्हा त्याची पत्नी वार्धक्याकडे झुकलेली होती आणि लहानपणी वडिलांना गमावलेल्या मुली संसारी झाल्या होत्या.

बसऱ्याच्या भिंतीवर शिपायाचे नाव संख्येत विरून गेले. सियाचीनच्या बर्फात एका क्रमांकानेच शिपायाचे नाव परत आणले, कारण तो क्रमांक कोणाचा, याची नोंद कोणीतरी जपून ठेवली होती. ग्रॅनाइटवरील अक्षरे वर्षानुवर्षे टिकतील. त्या अक्षरांमागील घराची नोंदही तितक्याच काळजीने ठेवली गेली आणि त्या घराला न्याय देताना दल, राज्य व भरतीचा प्रकार आड आला नाही, तरच राष्ट्राने वाहिलेले पुष्पचक्र खऱ्या अर्थाने त्या घरापर्यंत पोहोचेल.