हार प्रतिमेला, आवाज कपाटात

१८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊ साठे गेले आणि त्यानंतर अवघ्या बेचाळीस दिवसांनी, २९ ऑगस्टला, शाहीर अमर शेख अपघातात गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणगाव आणि शिवार ज्यांच्या डफावर एकत्र डोलले, ते दोघे एकाच पावसाळ्यात निघून गेले. तेव्हापासून या दोन तारखांना सभा होतात, प्रतिमांना हार घातले जातात, वक्ते भारावून बोलतात. २००२ मध्ये अण्णा भाऊंचे टपाल तिकीट निघाले, २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. हे उचितच झाले. परंतु अशा सभेत एखाद्या विशीतल्या मुलाने ‘त्यांचा आवाज कसा होता?’ असे विचारले, तर व्यासपीठावर चुळबुळ सुरू होते. शाहिराच्या बाबतीत हा प्रश्न गौण नाही. लेखकाचे पुस्तक उरते; शाहिराचे पुस्तक म्हणजे त्याचा कंठ.

जुन्या तबकड्यांविषयीचा जिव्हाळा हा सुखवस्तू घरांतील स्मरणरंजनाचा खेळ, असे पुरोगामी मंडळींनी फार काळ मानले. सागवानी पेटीचा ग्रामोफोन, तबकडीवरचा तो कुत्रा आणि ‘गेले ते दिवस’ हा सुस्कारा पाहता तसे वाटणे स्वाभाविकही होते. पण तबकडी ही मुळात श्रमाची वस्तू आहे. तिच्यातील मुख्य द्रव्य लाख. छोटा नागपूरच्या रानात पळस, कुसुम, बोर या झाडांवरून ती आदिवासी खरवडून काढत. पुढे कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात तिच्यापासून तबकड्या दाबल्या जात. ज्याच्या हाताने लाख निघाली त्याच्या झोपडीत ग्रामोफोन पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. आणि ज्याच्याकडे ग्रामोफोन नाही त्याच्या आवडीचे गाणे मुद्रित करण्यात कंपनीला नफा नव्हता. कोणाचा आवाज उरावा हे अशा रीतीने बाजाराने ठरविले.

यंत्राचीही एक अडचण होती. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. भावगीताला तेवढी पुरतात. पोवाड्याचे तसे नाही. शाहीर नमन करणार, डफावर थाप देऊन प्रसंग उभा करणार, मध्येच थांबून त्या दिवशीच्या सरकारी हुकुमाचा समाचार घेणार, झीलकरी ‘जी जी’ म्हणत सभा तापविणार. हे सारे तीन मिनिटांत बसवायचे म्हणजे झाडाची फांदी तोडून फुलदाणीत ठेवण्यासारखे. नभोवाणी सरकारी, तेव्हा सरकारविरोधी चळवळीच्या गाण्याला तेथे आडकाठी असणारच. जो आवाज मुद्रित झाला तो मात्र टिकला. राजा बढे यांच्या शब्दांना आणि श्रीनिवास खळे यांच्या चालीला शाहीर साबळे यांचा कंठ लाभला, आणि १९६० मधले ते गीत २०२३ मध्ये राज्यगीत झाले. साबळे २०१५ मध्ये निवर्तले. त्यांचा आवाज आजही शाळकरी मुलाला ठाऊक आहे. हे त्यांच्या गुणांचे फळ आहेच. पण मुद्रण झाले नसते तर एवढे गुण असूनही काय उरले असते?

राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाचीही हीच कथा. वसंत बापटांच्या कविता पुस्तकांतून मिळतात. निळू फुले यांचा खर्जातला आवाज चित्रपटांनी जपला. पण पु. ल. देशपांडे यांचे ‘पुढारी पाहिजे’ गावोगाव रंगत असे, तेव्हाचे ते उघड्या मैदानावरचे हशे आता कोठे ऐकावेत? बापट २००२ मध्ये गेले, फुले २००९ मध्ये. ज्यांनी ते प्रयोग पाहिले त्यांची पिढीही सरत आली आहे. खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जो आवाज आज घरोघर ऐकला जातो, त्यातला मोठा भाग बीबीसीच्या १९५३ आणि १९५५ च्या मुलाखतींतला आहे. परक्या देशातील एका संस्थेने फिती नीट सांभाळल्या, म्हणून हे भाग्य.

१९८० च्या दशकात कॅसेट आली आणि गणित थोडे बदलले. मुद्रण स्वस्त झाले, छोटे व्यावसायिक पुढे आले, भीमगीते वस्तीवस्तीत पोहोचली. वामनदादा कर्डक (निधन २००४) आणि विठ्ठल उमप (निधन २०१०) यांच्या नावाभोवती जो श्रोतृवर्ग उभा राहिला, त्याने कंपन्यांच्या पसंतीची वाट पाहिली नाही. मात्र कॅसेटची चुंबकीय फीत तबकडीहून अल्पायुषी. तिला बुरशी लागते, ती चिकटते, आणि एके दिवशी घर बदलताना भंगारात जाते.

या पडझडीत ज्यांनी काही वाचविले ते बहुतेक हौशी लोक होते. चोरबाजारातून, रद्दीवाल्यांकडून स्वखर्चाने तबकड्या जमविणाऱ्यांची एक संस्थाही १९९० मध्ये मुंबईत निघाली. त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि खासगी संग्रह हा वारसांच्या मर्जीवर अवलंबून असतो. सार्वजनिक आठवणीने अशा मर्जीवर का जगावे? महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. जिल्हा ग्रंथालयात ऐकण्याची एक खोली, एक यंत्र आणि ते जाणणारा एक पगारी माणूस, एवढी मागणी अवाजवी ठरू नये. एखाद्या पुतळ्याच्या चौथऱ्याच्या खर्चात ती बसेल.

हक्कांचा बाऊ केला जाईल. परंतु कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो. म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या काळात निघालेल्या तबकड्यांवर आज कोणाचीही मालकी नाही. शब्दांचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. त्या हिशेबाने अण्णा भाऊंच्या शब्दांवरील हक्क २०२९ अखेर संपेल. तोवर वारसांना विचारावे, त्यांचे मानधन द्यावे.

सरकार हलेपर्यंत तालुक्याच्या कार्यकर्त्याला एक काम करता येईल. आपल्या भागातील जुन्या शाहिरांच्या, झीलकऱ्यांच्या, सभा मुद्रित करणाऱ्या ध्वनिक्षेपकवाल्यांच्या घरी जावे. फिती मागून नेऊ नयेत. तेथेच बसून उतरवून घ्याव्यात आणि मूळ वस्तू घरच्यांकडे ठेवावी. प्रत्येक फितीवर गाव, वर्ष, सभेचे निमित्त आणि ढोलकीवर, तुणतुण्यावर कोण होते त्यांचीही नावे लिहावीत.