रोजची भाकर, सणाचा गहू

मराठी बायबलमधल्या प्रभूच्या प्रार्थनेत इंग्रजी 'ब्रेड'च्या जागी 'भाकर' हा शब्द आहे. इंग्रजीतून धर्मशिक्षण घेतलेल्या आपल्या पिढीतल्या बऱ्याच जणांना तो खटकतो. "येशू काय ज्वारीची भाकरी खात होता?" हा विनोद कॅन्टीनमध्ये आणि क्वायरच्या सरावातही ऐकू येतो. काही जण मात्र विनोद न करता म्हणतात, की बायबलमधला ब्रेड गव्हाचा होता, तेव्हा 'भाकर' हे चुकीचं भाषांतर आहे. 'रोटी' करा, 'अन्न' करा, नाहीतर सरळ 'ब्रेड'च ठेवा.

माझं मत असं, की हा शब्द आहे तिथेच राहावा. तो गावंढळ नाही आणि चुकीचा तर मुळीच नाही. पण हे पटवायचं तर आधी गव्हाबद्दल बोलावं लागेल, कारण 'खरं अन्न म्हणजे गव्हाचं अन्न' ही समजूत या आक्षेपाच्या मुळाशी आहे.

गव्हाचा मोठेपणा मान्यच आहे. जगात सुमारे २२ कोटी हेक्टर जमिनीवर गहू असतो. एवढी जमीन दुसऱ्या कुठल्याच पिकाखाली नाही. वर्षाला ८० कोटी टनांच्या आसपास उत्पन्न होतं आणि माणसाला मिळणाऱ्या एकूण उष्मांकांपैकी साधारण पाचवा हिस्सा एकट्या गव्हातून येतो. यामागचं एक मोठं कारण ग्लूटेन. गव्हाचं पीठ भिजवून मळलं की त्यात रबरासारखी ताणणारी जाळी तयार होते. आंबवताना निघणारा वायू त्या जाळीत अडकतो आणि पाव फुगतो. ज्वारीच्या पिठात ही जाळी नसते. म्हणून तर उकळत्या पाण्यात पीठ भिजवून, जोर लावून मळून, हातानं थापावी लागते भाकरी; पिठाची विरी गेली असेल तर ती थापता थापता तुटते. फुगणारा, दोन-तीन दिवस टिकणारा, बाजारात विकता येणारा पाव गव्हाचा चांगला होतो आणि जिथे बाजार, फौजा आणि जहाजं गेली तिथे गहूही गेला.

मेक्सिकोचं उदाहरण घ्या. तिथलं मूळ धान्य मका. स्पॅनिश लोकांबरोबर गेलेला हुआन गार्रिदो नावाचा एक आफ्रिकन वंशाचा सैनिक होता. १५३८ साली राजाकडे केलेल्या अर्जात त्यानं म्हटलंय, की या देशात पहिल्यांदा गहू पेरणारा आणि कापणारा मीच. स्पॅनिश लोकांना गहू हवा होता तो जेवणाच्या टेबलासाठी आणि मिस्साच्या वेदीसाठीही. आपल्या शेजारी गोव्यात पोर्तुगीज आले आणि 'पांव' म्हणू लागले. गोवा भाताचा प्रदेश, तिथे यीस्ट कुठून आणणार? मग पोदेरांनी पीठ आंबवायला माडाची सूर वापरली. तोच पोर्तुगीज शब्द जपानला जाऊन 'पान' झाला. म्हणजे आपला पाव आणि टोकियोतला पान हे सख्खे भाऊ!

गहू जिथे रुजला तिथल्या भाषेत त्याच्या भाकरीचा शब्द आपोआप अन्नाचा शब्द झाला. इजिप्तमध्ये रोजच्या रोटीला 'ऐश' म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ आहे जगणं. बेथलेहेम या गावाच्या नावाचा हिब्रू अर्थ भाकरीचं घर. गंमत म्हणजे त्याच गावाच्या अरबी नावातला 'लहम' म्हणजे मांस. एकाच धातूपासून आलेल्या शब्दाचा एका भाषेत अर्थ भाकर, दुसरीत मांस. ज्याचं त्याचं मुख्य अन्न जे, ते त्या शब्दात जाऊन बसलं.

भाषांतरकारानं नेमकं हेच ओळखायचं असतं. प्रार्थनेतल्या त्या शब्दाचा अर्थ 'गव्हाचा आंबवलेला पदार्थ' असा नाही. ज्याच्याशिवाय आजचा दिवस निभणार नाही, ते मागितलंय. जपानीत 'पान' हा शब्द तयार असूनही तिथल्या प्रार्थनेत 'काते' म्हणजे शिधा, पोटाचा आधार, असा शब्द घेतला. कोंकणी प्रार्थनेत 'गिरास' आहे, म्हणजे घास. भात खाणाऱ्या माणसाला घास कळतो. आणि मराठीत? मराठी माणूस पोटासाठी वणवण करतो ती भाकरीसाठी. गरिबाघरी मीठ-भाकर असते, नजर उतरवायला भाकरतुकडा लागतो, आणि नसत्या उठाठेवी करणारा लष्करच्या भाकऱ्या भाजतो. चपातीला किंवा पोळीला मराठीनं ही जागा कधी दिली नाही. 'अन्न' हा शब्द चांगला आहे, पण तो शाळेच्या पुस्तकातला वाटतो. भुकेल्या माणसाच्या तोंडी 'भाकर'च येते.

आता तो विनोद. येशू काय खात होता? पाच हजारांना जेवू घालण्याची गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे. त्यांपैकी योहान मुद्दाम सांगतो, की त्या मुलाजवळच्या पाच भाकरी जवाच्या होत्या. जव हे तिथल्या गरिबाचं धान्य. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात दुष्काळाचे भाव दिले आहेत: एका दिनारात गव्हाचं एक माप येतं, जवाची तीन. रूथ सासूबरोबर बेथलेहेमला येते तेव्हा जवाची कापणी नुकतीच सुरू झालेली असते आणि ती विधवा पोर जवाचीच कणसं वेचू लागते. तेव्हा चपटी, हातानं मोडायची, स्वस्त धान्याची भाकरी बायबलला परकी नाही. सुरीनं कापलेला पांढरा स्लाइस ब्रेडच त्या जगाला जास्त परका आहे.

इथे कुणी म्हणेल, मग चर्च वेदीवर गहूच का मागतं? प्रश्न रास्त आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतला ९२४ वा नियम स्पष्ट सांगतो, की मिस्साची भाकर फक्त गव्हाचीच असावी. ग्लूटेन सोसत नाही अशांसाठी २००३ मध्ये रोमनं कमी ग्लूटेनच्या होस्तीला परवानगी दिली. अजिबात ग्लूटेन नसलेली मात्र चालत नाही. कॅमेरूनचे धर्मगुरू आणि विचारवंत झाँ-मार्क एला यांनी या नियमावर बोट ठेवलं होतं. उत्तर कॅमेरूनमध्ये ज्वारी-बाजरी पिकवणाऱ्या गरीब शेतकऱ्यांमध्ये त्यांनी काम केलं. त्यांचा प्रश्न साधा होता: या माणसांच्या घामाचं धान्य वेदीवर का येऊ शकत नाही? बाहेरून आलेलंच का लागतं?

एलांचा प्रश्न मला आतपर्यंत लागतो. तरीही नियम बदला असं मी म्हणणार नाही. मिस्सा ही एका ठरावीक देशात, ठरावीक रात्री झालेल्या जेवणाची आठवण आहे, आणि ती खूण जपावी असं चर्चला वाटतं, ते मला समजतं. शिवाय आपल्या बेळगाव भागातल्या माणसाला ही विभागणी नवी नाही. इथे गहू पूर्वापार सणाचा. मांडे लग्नाकार्यात, पुरणपोळी होळीला, खपली गव्हाची हुग्गी जत्रेला. रोजच्या ताटात ज्वारीची भाकरी. वेदीवरचा गहू मला या सणाच्या गव्हासारखा वाटतो. आणि म्हणूनच प्रार्थनेत 'भाकर' हवी. वेदीवर गहू आणि प्रार्थनेतही गहूच, असं झालं तर ज्वारी पिकवणाऱ्याचं, खाणाऱ्याचं धान्य देवासमोर कुठेच उरत नाही.

हा वाद फक्त चर्चपुरता असता तर मी एवढं लिहिलं नसतं. गेल्या साठ वर्षांत सणाचा गहू रोजचा झाला. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या गव्हाची जहाजं येईपर्यंत वाट पाहणारा आपला देश आज चीनच्या खालोखाल जगातला दुसरा मोठा गहू उत्पादक आहे. त्या गव्हानं कोट्यवधी लोकांना उपासमारीतून वाचवलं. त्याला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. पण त्याच काळात देशातलं ज्वारीचं क्षेत्र सुमारे १.८ कोटी हेक्टरांवरून ५० लाखांच्याही खाली आलं. सरकारी भाषेत ज्वारी-बाजरीला 'भरड धान्य' म्हणू लागले आणि 'भरड' या शब्दातला कमीपणा आपल्या डोक्यात बसला. डब्यात भाकरी नेली की पोरं ती झाकून खातात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. २०२३ साली संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष साजरं केलं, सरकारनं 'श्री अन्न' असं नवं नाव दिलं. नाव गोड आहे, पण आपल्याजवळ शब्द होताच की!

सगळं जग एकाच धान्याकडे तोंड करून बसलं की काय होतं, हेही इजिप्तकडे पाहून कळतं. तिथे १९७७ च्या जानेवारीत सरकारनं रोटीसह गरजेच्या वस्तूंवरचं अनुदान कमी करायला घेतलं आणि लोक रस्त्यावर आले. निर्णय मागे घ्यावा लागला. २०११ च्या आंदोलनात घोषणेतला पहिला शब्द 'ऐश' होता. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध पेटलं आणि इजिप्तच्या गव्हाचा मोठा स्रोतच अडला. त्याच वर्षी मार्चच्या उष्म्यानं आपला गहू होरपळला आणि मे महिन्यात भारतानं निर्यात बंद केली. 'जगणं' ज्या धान्याचं नाव, तेच दूरच्या बंदरात अडकून पडलेलं.

म्हणून 'भाकर' बदलू नका, एवढीच विनंती. त्या शब्दात कुठलं धान्य ते सांगितलेलं नाही: ज्वारीची भाकर, बाजरीची, नाचणीची, तांदळाची, जवाचीसुद्धा. गव्हाची पोळी खाणाऱ्यालाही ती प्रार्थना म्हणता येते, त्याला कुणी अडवलेलं नाही. 'ब्रेड' म्हटलं की मात्र दार बरंच अरुंद होतं. पुढच्या वेळी क्वायरच्या सरावात कुणी तो विनोद केला, तर त्याला योहानाचा सहावा अध्याय उघडून द्या, आणि जमलं तर डब्यातली अर्धी भाकरीही.