पोडाची वाट

मारेगाव तालुक्यात कापसाची शेते संपतात आणि जंगल सुरू होते, तेथे कोलामांची पोडे आहेत. आठवडी बाजारात कोलाम बांधव सर्वांना दिसतो. दुकानदार त्याला ओळखतो, कचेरीतील कारकून त्याचे दाखले तयार करतो. पण त्याच्या पोडावर जाऊन दोन दिवस राहिलेले सुशिक्षित गृहस्थ तालुक्यात किती सापडतील? कोलामी म्हणजे मोडकीतोडकी तेलुगू, असे बेधडक सांगणारे मात्र जागोजागी भेटतात. वस्तुतः कोलामी ही द्राविड कुळातील स्वतंत्र भाषा आहे. मरे एमेनो या परदेशी भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर १९५५ मध्ये स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. सातासमुद्रापलीकडच्या विद्वानाला जी भाषा अभ्यासण्याजोगी वाटली, ती बोलणाऱ्या मुलाला आपण शाळेत 'नीट बोल' म्हणून दटावतो.

हा अंतराचा प्रश्न नाही, दृष्टीचा आहे. आणि ही दृष्टी बदलण्याचे सामर्थ्य असलेले एक शास्त्र आहे, सांस्कृतिक मानवशास्त्र. दहावी-बारावीनंतरच्या आपल्या घरगुती चर्चेत त्याचे नावही निघत नाही.

या शास्त्राचा विद्यार्थी पोडावर गेला तर काय होते? कोलाम ही महाराष्ट्रातील तीन अतिमागास जमातींपैकी एक, कातकरी आणि माडिया गोंड या इतर दोन, एवढे तो पुस्तकातून शिकून आलेला असतो. सरकारदरबारी या जमातींना पूर्वी 'आदिम' म्हणत. २००६ मध्ये ते नाव बदलून 'विशेष दुर्बल समूह' असे झाले. नाव बदलले, तरी शिडीची शेवटची पायरी तीच राहिली. परंतु पोडावर त्याला वेगळेच दिसते. ज्या गोंडांची चांद्याला राजसत्ता होती, तेच गोंड गावाच्या दैवताला प्रसन्न करण्यासाठी कोलामाला पुजारी म्हणून बोलावत आले आहेत. कारण कोलाम या भूमीवर आधीपासूनचा. येथील दैवते त्याचे ऐकतात, अशी श्रद्धा. पैनगंगेपलीकडे आदिलाबाद भागात हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात हीच गोष्ट नोंदवून ठेवली आहे. मागासलेला माणूस पाहायला गेलेल्या विद्यार्थ्याला तेथे पुरोहित भेटतो. मग त्याच्या मनातली शिडी डळमळते. ही शिडी कोणी उभी केली आणि तिच्या वरच्या पायरीवर आपण कसे जाऊन बसलो, हा प्रश्न त्याला पडतो. शिक्षणाची खरी सुरुवात येथे होते.

मराठी माणसाला याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जायला नको. डॉ. घुर्ये यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे पुढील संशोधनासाठी बर्लिनला गेल्या. गोऱ्या वंशाची श्रेष्ठता कवटीच्या ठेवणीतून सिद्ध होते, असे तेथील मार्गदर्शकाचे गृहीतक होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि मोजमापे तसे सांगत नाहीत, असा स्पष्ट निष्कर्ष मांडला. १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. तोच डोळा त्यांनी पुढे स्वतःच्या समाजाकडे वळवला. पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर त्या चालल्या. वारीच्या प्रेमाने त्या भारावल्या. पण एकत्र अभंग गाणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगळे बसतात, याची खंतही त्यांनी 'वाटचाल' या लेखात लपवली नाही. बर्लिनमध्ये परक्यांचा अहंकार नाकारणे सोपे नव्हतेच. आपल्या माणसांच्या प्रेमात असताना त्यांचे उणे सांगणे त्याहून कठीण.

सर्व समजून घ्यायचे म्हणजे सर्व मान्य करायचे का, असा आक्षेप घेतला जातो. इरावतीबाईंचे लिखाण हेच त्याला उत्तर आहे. समजून घेतल्यावर केलेली टीका जवळच्या माणसाची असते, म्हणून ती ऐकली जाते. या शास्त्राचा इतिहास निष्कलंक नाही, हेही खरे. रिस्लेने नाके मोजून आपल्या समाजाची उतरंड लावली आणि १९०१ च्या जनगणनेत जातींची प्रतवारी करवली. पण त्याच शास्त्राच्या साधनांनी इरावतीबाईंनी वंशश्रेष्ठत्वाचा दावा खोडला. दोष मोजपट्टीचा नव्हता. ती हातात धरणाऱ्याने निष्कर्ष आधीच ठरवलेला होता.

आपल्यापैकी अनेक जण सेवाकार्यासाठी पोडावर जातात. औषधे, वह्या, कपडे नेतात. हे काम मोलाचे आहेच. पण देणारा हात नेहमी वर असतो, आणि वर असलेल्या हाताला समोरच्याकडेही काही देण्याजोगे आहे, याचा विसर पडतो. आपणही शिडी बरोबर घेऊनच पोडावर जात नाही ना, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. समरसतेचा उच्चार करणाऱ्यांनी तर हे आधी विचारायला हवे.

यंदा घरातील मुलगा किंवा मुलगी मानवशास्त्र घ्यायचे म्हणाली, तर 'नोकरी कुठे मिळणार?' हा प्रश्न जरूर विचारा. पुणे विद्यापीठात या विषयाचा विभाग आहे, नागपुरात भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणाचे केंद्र आहे. तेथे चौकशी करा. मात्र एवढ्यावरून मुलांची वाट अडवू नका. आणि ज्यांचे शिक्षण केव्हाच संपले, त्यांनी पुढच्या खेपेला पोडावर जाताना एक दिवस अधिक काढावा. वाटप झाल्यावर लगेच गाडीत न बसता तेथेच मुक्काम करावा, आणि पोडावरच्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्या देवाची गोष्ट त्याच्याच भाषेत सांगायला सांगावी. पहिल्या दिवशी काही कळणार नाही. तरीही बसून राहावे.