वारसाकरातून उभे राहिलेले संग्रहालय

पॅरिसच्या मारे भागात सतराव्या शतकातील एक वाडा आहे. मिठावरील कर वसूल करणाऱ्या एका धनिकाने तो बांधला, म्हणून लोकांनी त्याला 'ओतेल साले', म्हणजे खारट वाडा, असे नाव ठेवले. गोरगरिबांच्या मिठातून उभ्या राहिलेल्या या वास्तूत १९८५ साली पिकासो संग्रहालय सुरू झाले, तेही एका कराच्याच आधाराने. मात्र हा कर श्रीमंतांच्या वारशावरील होता.

पाब्लो पिकासो १९७३ च्या एप्रिलमध्ये मृत्युपत्र न करताच निवर्तला. स्वतःची असंख्य चित्रे त्याने न विकता जवळच ठेवली होती आणि त्यांची यादी करण्यातच काही वर्षे गेली. वारसांवर प्रचंड कर बसला. परंतु आंद्रे मालरो सांस्कृतिक मंत्री असताना, १९६८ च्या अखेरीस, फ्रान्समध्ये एक कायदा झाला होता: वारसाकर रोख रकमेऐवजी श्रेष्ठ कलाकृती देऊन फेडता येईल. पिकासोच्या बाबतीत वारसांत वाटणी होण्यापूर्वी निवडीचा पहिला मान शासनाला मिळाला. शासनाला कलेतले काय कळते, ही नेहमीची थट्टा येथे फोल ठरली, कारण निवड जाणकार संग्रहपालांनी केली. २०३ चित्रे, १५८ शिल्पे आणि दीड हजारांहून अधिक रेखाटने राष्ट्राची झाली. १९८६ मध्ये पत्नी जॅकलिन हिच्या मृत्यूनंतर याच मार्गाने आणखी भर पडली. जे काही घरांच्या बंद दिवाणखान्यांत विखुरले असते, ते आज तिकीट काढून कोणासही पाहता येते. तिकीटही स्वस्त नाही, ही तक्रार रास्तच. पण दार तरी उघडे आहे.

ज्या वर्षी पॅरिसमध्ये हे दार उघडले, त्याच १९८५ साली भारताने १९५३ पासूनचा मृत्युकर रद्द केला. वसुली अल्प आणि खर्च अधिक, असे कारण देण्यात आले. वसुली अल्प का, याचा शोध घेण्याऐवजी करच काढून टाकणे हा उपाय धनिकवर्गास मानवणारा होता. कर उरला नाही, तेव्हा कराऐवजी चित्रे घेण्याचा प्रश्नही मिटला.

दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात अमृता शेरगिल यांची चित्रे मोठ्या संख्येने पाहता येतात, ती मुख्यतः त्यांच्या पतीने व वडिलांनी दिलेल्या देणगीमुळे. ते औदार्य थोरच. पण राष्ट्राचा कलासंग्रह केवळ कुटुंबीयांच्या सद्भावनेवर किती काळ विसंबून राहणार? मोठ्या वारशांवरील कर पुन्हा आणावा आणि तो कलाकृतींच्या रूपाने भरण्याची सोय त्यात असावी, ही मागणी म्हणूनच करावयास हवी. शेरगिल यांच्या कलाकृतींना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा असल्याने त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. देशातल्या देशात मात्र लिलाव सुखेनैव चालतो. त्यांनी १९३७ साली रंगविलेले 'द स्टोरी टेलर' २०२३ मध्ये ६१.८ कोटी रुपयांना विकले गेले. ते लोकांना दाखवावयाचे की नाही, हे ठरविण्याचा हक्क ज्याने पैसे मोजले त्याचा.