टीम सुधारली, पण शहर सुटलं! ओकलंडचे बेसबॉल चाहते नेमके कशावर चिडलेत?

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये 'ॲथलेटिक्स' या टीमचा २०२५ चा हंगाम तसा बरा गेला. १६२ पैकी ७६ सामने जिंकले. दोनच वर्षांपूर्वी हा आकडा ५० होता. निक कर्ट्झ या नवख्या खेळाडूने ११७ सामन्यांत ३६ होम रन मारले. होम रन म्हणजे, ढोबळमानाने सांगायचं तर, क्रिकेटमधला सिक्सर. जुलै महिन्यात ह्यूस्टनविरुद्धच्या एकाच सामन्यात त्याने चार होम रन ठोकले. पहिल्याच हंगामात असं करणारा तो मेजर लीगच्या इतिहासातला पहिला खेळाडू ठरला.

एरवी अशा हंगामानंतर चाहते खूश असतात. पुढच्या वर्षी काय होईल याची गणितं मांडतात. पण ज्या ओकलंड शहरात ही टीम ५७ हंगाम खेळली, तिथल्या अनेक चाहत्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली आहे. कारण टीम आता ओकलंडमध्ये नाही. तिच्या नावातही सध्या कुठल्याच शहराचं नाव नाही. नुसतं 'ॲथलेटिक्स'.

हे प्रकरण एका टीमचं असलं तरी त्यातला प्रश्न मोठा आहे. टीम नेमकी कुणाची असते? मालकाची, लीगची, की तिच्यासाठी घसा कोरडा करणाऱ्यांची?

आधी टीमविषयी थोडं

ॲथलेटिक्स ही अमेरिकेतली जुनी टीम. सुरुवात १९०१ मध्ये फिलाडेल्फियात झाली. मग कॅन्सस सिटी आणि १९६८ पासून कॅलिफोर्नियातलं ओकलंड. इथे टीमने चार वेळा वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगचं विजेतेपद जिंकलं. १९७२, १९७३ आणि १९७४ असं सलग तीनदा, त्यानंतर १९८९ मध्ये.

ब्रॅड पिटचा 'मनीबॉल' सिनेमा पाहिला असेल, तर ही टीम तुम्हाला आधीच माहीत आहे. कमी पैशांत, आकडेवारीच्या जोरावर टीम बांधायची आणि श्रीमंत टीमना हरवायचं, ही ती गोष्ट. २००२ मध्ये या टीमने सलग २० सामने जिंकले होते. गरिबीतही लढणारी टीम, हीच तिची ओळख आणि चाहत्यांचा अभिमान.

मग बिनसलं कुठे?

२०१८ आणि २०१९ मध्ये टीमने प्रत्येकी ९७ सामने जिंकले. २०१९ मध्ये घरच्या मैदानावर हंगामभरात १६ लाखांहून जास्त प्रेक्षक आले. त्यानंतर मात्र एकेक चांगला खेळाडू दुसऱ्या टीमकडे जाऊ लागला. मॅट ओल्सन आणि मॅट चॅपमन २०२२ च्या हंगामाआधी गेले, त्या वर्षाच्या शेवटी शॉन मर्फी गेला. हे खेळाडू महाग होणार होते, आणि टीमचा पगारावरचा खर्च लीगमध्ये तळाला होता.

निकाल मैदानावर दिसला. २०२२ मध्ये १०२ पराभव, २०२३ मध्ये ११२. प्रेक्षकांची संख्याही कोसळली. २०२३ च्या संपूर्ण हंगामात जेमतेम ८ लाख ३२ हजार लोक आले.

चाहत्यांचा राग इथूनच सुरू होतो. त्यांच्या मते टीम नुसती हरत नव्हती, तिला हरण्याच्या अवस्थेत आणून ठेवलं होतं. चांगले खेळाडू घालवायचे, मोडकळीला आलेलं स्टेडियम तसंच ठेवायचं, आणि प्रेक्षक आटले की 'या शहराला टीम नकोच आहे' म्हणून निघून जायचं.

उलटा बहिष्कार

एप्रिल २०२३ मध्ये टीमने लास वेगासमध्ये नवं स्टेडियम बांधण्यासाठी जमिनीचा करार जाहीर केला. आता चाहत्यांपुढे पेच होता. निषेध म्हणून घरी बसावं, तर रिकाम्या खुर्च्यांचे फोटो मालकाच्याच बाजूने बोलणार. त्यातून 'उलट्या बहिष्कारा'ची कल्पना निघाली. सामना टाळायचा नाही, उलट स्टेडियम भरून टाकायचं.

१३ जून २०२३ हा दिवस ठरला. मंगळवार, म्हणजे कामाचा दिवस. समोर टॅम्पा बे रेज. हिरव्या टी-शर्टवर एकच शब्द होता, 'सेल'. म्हणजे टीम विका. २७,७५९ लोक आले. त्या वर्षीची सरासरी दहा हजारांच्या आसपास होती. पाचव्या इनिंगमध्ये आधी सगळं स्टेडियम गप्प झालं आणि मग 'टीम विका'च्या घोषणांनी दणाणलं. सामना ॲथलेटिक्सने २-१ असा जिंकला. तो त्यांचा सलग सातवा विजय होता.

पण त्याच दिवशी नेवाडा राज्याच्या सिनेटने वेगासच्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंत सरकारी मदत देणारं विधेयक मंजूर केलं. दोन दिवसांनी गव्हर्नरांची सही झाली. लीगचे प्रमुख रॉब मॅनफ्रेड यांनी या गर्दीबद्दल, एका रात्रीपुरती का होईना लीगच्या सरासरीजवळ जाणारी गर्दी दिसली हे छान झालं, अशा अर्थाचं विधान केलं. चाहत्यांच्या जखमेवर ते मिठासारखं झोंबलं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये सगळ्या ३० टीमच्या मालकांनी स्थलांतराच्या बाजूने एकमताने मत दिलं. २६ सप्टेंबर २०२४ ला ओकलंडमधला शेवटचा सामना झाला. ४६,८८९ प्रेक्षकांसमोर टीमने टेक्सास रेंजर्सला ३-२ ने हरवलं. सामन्यानंतर प्रशिक्षक मार्क कॉट्से यांनी माइक हातात घेऊन चाहत्यांचे आभार मानले आणि ओकलंडच्या नावाची घोषणा शेवटची दिली.

दुसरी बाजू काय आहे?

मालक जॉन फिशर यांची बाजू अगदीच पोकळ नाही. स्टेडियम १९६६ मधलं. २०१३ मध्ये तिथे सांडपाणी तुंबून थेट खेळाडूंच्या खोल्यांत शिरलं होतं. नव्या स्टेडियमसाठी ओकलंड शहराशी अनेक वर्षं बोलणी झाली, बंदराजवळच्या हॉवर्ड टर्मिनलचा मोठा प्रकल्प चर्चेत होता, तो तडीस गेला नाही. खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्को जायंट्स ही श्रीमंत टीम आहे, त्यामुळे प्रेक्षक विभागले जातात. शिवाय ९७ विजयांच्या वर्षीही ओकलंडची गर्दी लीगच्या खालच्या भागातच होती.

चाहत्यांचं उत्तरही आकड्यातच आहे. १९९० मध्ये याच मैदानावर हंगामात २९ लाख प्रेक्षक आले होते. तेव्हा टीम जिंकत होती आणि चाहत्यांना तिच्या भवितव्याची काळजी नव्हती. शहर तेच, स्टेडियमही तेच.

हरूनही मालकाचं काहीच कसं बिघडत नाही?

इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये प्रीमियर लीगच्या तळाच्या तीन टीम खालच्या डिव्हिजनमध्ये ढकलल्या जातात. पैसा बुडतो, पत जाते. त्यामुळे मालकाला टीमवर खर्च करावाच लागतो. अमेरिकेत तशी पद्धत नाही. ११२ सामने हरलेली टीम पुढच्या वर्षी त्याच लीगमध्ये असते.

देशभरच्या टीव्ही हक्कांचा पैसा सगळ्यांत वाटला जातो. श्रीमंत टीमच्या उत्पन्नाचा काही भाग कमी उत्पन्नाच्या टीमना मिळतो. आणि टीमची किंमत विजयांवर फारशी अवलंबून नसते. फिशर आणि त्यांचे तेव्हाचे भागीदार ल्यू वुल्फ यांनी २००५ मध्ये ही टीम १८ कोटी डॉलरला घेतली. २०२३ मध्ये 'फोर्ब्स'च्या अंदाजाने तिची किंमत एक अब्ज डॉलरहून जास्त होती. म्हणजे मैदानावर हार आणि वहीत नफा, हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं.

याच २०२३ मध्ये लीगने खेळाचा वेग वाढवायला 'पिच क्लॉक' आणलं. चेंडू ठरावीक सेकंदांत टाकायचा, नाहीतर दंड. सामने सरासरी २४ मिनिटांनी आटोपशीर झाले आणि लीगची एकूण प्रेक्षकसंख्या ७ कोटींवर गेली. ओकलंडच्या चाहत्याची अडचण इथे नीट दिसते. खेळ सुधारत होता, लीग फुलत होती, आणि त्याची स्वतःची टीम हातातून निसटत होती.

मग कोर्टात का नाही गेले?

इथे एक शंभर वर्षं जुना निकाल आडवा येतो. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलं. बेसबॉल हा राज्याराज्यांतला व्यापार ठरत नाही, असा तो निकाल होता. तो आजही मोडलेला नाही. मजा म्हणजे या निकालाचा फटका आधी याच टीमसंदर्भात सॅन होजे शहराला बसला होता. ॲथलेटिक्सला तिकडे जायचं होतं, पण तो भाग जायंट्सच्या हद्दीत धरला जात असल्याने लीगने अडवलं. सॅन होजेने २०१३ मध्ये खटला भरला आणि २०१५ मध्ये तो हरला. थोडक्यात, टीमने कुठे जायचं आणि कुठे नाही, हे मालकांचं मंडळच ठरवतं.

आणि आता सॅक्रामेंटो

वेगासचं स्टेडियम २०२८ मध्ये उघडण्याचं नियोजन आहे. तोवर टीम सॅक्रामेंटोमध्ये, साधारण १४ हजार क्षमतेच्या एका छोट्या मैदानावर खेळते. ते मैदान खरंतर खालच्या लीगमधल्या टीमचं. २०२५ मध्ये तिथली सरासरी प्रेक्षकसंख्या दहा हजारांच्या खालीच राहिली. मे महिन्याच्या मध्यापासून टीम २१ पैकी २० सामने हरली, मग सावरली.

गंमत अशी की पैसा आता निघतोय. गोलंदाज लुईस सेव्हेरिनोला तीन वर्षांसाठी ६ कोटी ७० लाख डॉलर मिळाले, हा तोवरचा टीमच्या इतिहासातला सर्वात मोठा करार होता. ब्रेंट रूकर आणि लॉरेन्स बटलर यांनाही लांबचे करार मिळाले. म्हणूनच ओकलंडचा चाहता विचारतो, हे आमच्याकडे असताना का नाही केलंत?

चाहत्यांमध्ये इथे दोन तट आहेत. काही जण म्हणतात, खेळाडूंचा काय दोष? कर्ट्झ, बटलर यांचा खेळ बघायचा आणि मालकाकडे दुर्लक्ष करायचं. बाकीचे म्हणतात, तिकीट, टोपी, टीव्हीचं सबस्क्रिप्शन, यातला प्रत्येक डॉलर शेवटी त्याच मालकाकडे जातो. दोघांचंही प्रेम खरं आहे, म्हणून वाद मिटत नाही.

पुणेकरांना हे ओळखीचं वाटेल

आयपीएलची रचनाही अशीच. इथेही तळाची टीम बाहेर जात नाही. २०११ ला आलेली पुणे वॉरियर्स मालक आणि बीसीसीआय यांच्यातल्या पैशांच्या वादानंतर २०१३ मध्ये संपली. रायझिंग पुणे तर दोनच हंगामांसाठी होती. २०१७ च्या फायनलमध्ये मुंबईकडून एका धावेने हरली आणि विषय संपला. गहुंजेला तिकीट काढून जाणाऱ्याला दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही. फरक एवढाच की पुण्याची टीम दोन-तीन वर्षांची होती आणि ओकलंडची तीन पिढ्यांची.

चाहत्याच्या हातात उरतं काय?

ओकलंडने याआधी बास्केटबॉलची वॉरियर्स टीम २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आणि फुटबॉलची रेडर्स २०२० मध्ये वेगासला जाताना पाहिली. ॲथलेटिक्स ही शेवटची मोठी टीम होती. त्यानंतर शहरात 'ओकलंड बॉलर्स' नावाची छोटी टीम उभी राहिली. ती २०२४ पासून पायोनियर लीगमध्ये खेळते. तिने चाहत्यांनाच छोटी भागीदारी विकत घेण्याची संधी दिली. २०२५ मध्ये ही टीम आपल्या लीगची विजेती ठरली. १९८९ नंतर ओकलंडच्या बेसबॉल टीमने जिंकलेलं हे पहिलं विजेतेपद. मेजर लीगच्या तुलनेत हे मैदान लहान, खेळाडू अनोळखी. पण टीमच्या नावात ओकलंड आहे.

'टीम विका' ही घोषणाही ओकलंडपुरती राहिली नाही. २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स १२१ सामने हरली, तेव्हा तिथल्या चाहत्यांनीही मालकाला हेच ऐकवलं. घोषणांनी टीम थांबत नाही, हे ओकलंडने पाहिलं. पण 'या शहराला टीम नको होती' असं आता कुणी म्हटलं, तर त्यापुढे २७,७५९ हा आकडा कायमचा उभा राहणार आहे. कामाच्या दिवशी, तळाला असलेल्या टीमसाठी, तिकिटाचे पैसे मोजून आलेल्या माणसांचा.