जुनी बेसिक, नवा एडिटर आणि आपली मुले

आपल्या शाळेच्या संगणक कक्षासाठी माजी विद्यार्थ्यांनी जमविलेल्या निधीचे काय करावे, याविषयी दोन मते आहेत. बहुसंख्यांचे मत असे की, भिंतीवर मोठा डिजिटल फलक लावावा आणि वार्षिक वर्गणीवर चालणारे एखादे तयार कोडिंगचे पॅकेज घ्यावे. दुसरे मत मोजक्यांचे आहे आणि प्रथम ऐकणाऱ्याला ते विक्षिप्त वाटते. १९८२ साली बाजारात आलेल्या सिंक्लेअर स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाच्या बेसिक भाषेसाठी आपण एक आधुनिक एडिटर मराठीत तयार करावा, देणगी म्हणून आलेल्या जुन्या संगणकांवर तो इंटरनेटशिवाय चालावा आणि सहावी ते आठवीच्या मुलांनी प्रोग्रॅम लिहिण्याचे पहिले धडे त्यावर गिरवावेत, असे हे मत. मी या मोजक्यांपैकी आहे. निर्णय सर्वांनी मिळून घ्यायचा असल्याने या मताची बाजू स्मरणिकेच्या वाचकांपुढे सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते.

पालकांसाठी प्रथम शब्दाचा खुलासा करतो. प्रोग्रॅम ज्यात लिहितात, तपासतात आणि दुरुस्त करतात ते साधन म्हणजे एडिटर. त्याला संपादक म्हणावे तर वर्तमानपत्राच्या कचेरीतील गृहस्थ डोळ्यांपुढे उभे राहतात. म्हणून एडिटरच म्हणू.

बेसिकचा जन्म अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात १ मे १९६४ रोजी पहाटे झाला. जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्‌झ हे गणिताचे दोन प्राध्यापक तिचे जनक. केमेनी बुडापेस्टमधील ज्यू कुटुंबातले. हिटलरच्या छायेतून वाचण्यासाठी ते कुटुंब १९४० मध्ये अमेरिकेत गेले आणि हा मुलगा पुढे आइन्स्टाइनचा गणिती साहाय्यक झाला. त्या काळी संगणक ही शास्त्रज्ञांची मिरासदारी होती. साहित्य किंवा इतिहास शिकणाऱ्या विद्यार्थ्याने त्याच्या जवळ जाण्याचे कारणच नाही, अशी समजूत होती. या दोघांनी ती नाकारली. कॉलेजातील प्रत्येक विद्यार्थ्याला संगणक वापरता आला पाहिजे, हे त्यांनी आधी ठरविले आणि त्यासाठी भाषा नंतर घडविली. केमेनी पुढे त्याच कॉलेजचे अध्यक्ष झाले. त्यांच्या कारकिर्दीत, १९७२ मध्ये, तेथे प्रथमच मुलींना पदवीचे प्रवेश खुले झाले आणि अमेरिकेतील मूलनिवासींच्या शिक्षणाचे विस्मरणात गेलेले वचनही पुन्हा हाती घेतले गेले. ज्ञानाच्या दारावरील पहारा कोणी आणि कसा उठविला, हा इतिहास आपल्याला परका नाही. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादेत पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय उभे करताना बाबासाहेबांपुढे हाच प्रश्न होता.

हा संगणक पुण्याला अनोळखीही नाही. ऐंशीच्या दशकात पुण्यातील डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने रीतसर परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने तो भारतात विकला. घरच्या टीव्हीला तो जोडायचा आणि प्रोग्रॅम साध्या कॅसेटवर साठवायचा. १९८४ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' प्रकल्पाखाली देशभरातील सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो हे दुसरे ब्रिटिश यंत्र दिले. त्याचीही भाषा बेसिकच. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. म्हणजे घरगुती संगणकापासून महासंगणकापर्यंतची दोन्ही टोके एकाच दशकाच्या आसपास या शहरात होती. आपल्या वस्त्यांतील मुले मात्र या दोन्ही टोकांपासून दूर होती. आजच्या आपल्या विद्यार्थ्यांच्या आईवडिलांपैकी कितीजणांनी शाळकरी वयात संगणकाला हात लावला होता, हे त्यांनाच विचारावे.

हा मुद्दा मी मुद्दाम मांडतो, कारण या कल्पनेवर पहिला आक्षेप 'गतकातरते'चा येतो. युरोपात आणि अमेरिकेत जुन्या संगणकांचे हौशी लोक आहेत. त्यांनी स्पेक्ट्रमच्या बेसिकसाठी उत्तम साधने विनामूल्य तयार केली आहेत. साध्या मजकुराच्या फाइलचे यंत्राला वाचता येईल असे रूपांतर करणारे झेडमेकबास आहे. विंडोजवर चालणारे, प्रोग्रॅम लिहिण्यापासून चालवून पाहण्यापर्यंत सर्व काही एकाच ठिकाणी देणारे बेसिन-सी आहे. त्या लोकांना आपले बालपण आठवते आणि त्यात गैर काही नाही. परंतु ज्यांच्या घरी ते यंत्र कधी नव्हतेच, त्यांना त्याची हुरहुर कशी लागणार? आपल्या मुलांसाठी स्पेक्ट्रम जुना नाही. तो त्यांच्यापर्यंत अजून पोहोचलेलाच नाही.

दुसरा आक्षेप अधिक मोलाचा आहे आणि तो आपल्याच परंपरेतून येतो. नदी पार झाल्यावर तराफा डोक्यावर घेऊन फिरू नये, हा भगवान बुद्धांचा दृष्टान्त येथील प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. जग बेसिकच्या तराफ्यावरून केव्हाच पलीकडे गेले. मग आपण तो का उचलायचा, असे एका मित्राने मला विचारले. दृष्टान्त मला पूर्ण मान्य आहे. तथापि तो पार झालेल्याला उद्देशून आहे. अलीकडच्या तीरावर उभ्या असलेल्या अकरा वर्षांच्या मुलीला तराफा टाकून दे असे सांगण्यात काय अर्थ? तिला तो आधी बांधता आला पाहिजे. गवत, काटक्या, फांद्या गोळा करून स्वतः बांधलेला तराफा असे त्या दृष्टान्तात आहे, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. तयार पॅकेजमध्ये मूल रंगीत ठोकळे ओढते, मांजर पडद्यावर धावते आणि प्रमाणपत्र छापून येते. मांजर का धावले, हे त्याला सांगता येत नाही.

स्पेक्ट्रमचे मोठेपण त्याच्या लहानपणात आहे. त्याची सारी स्मृती ४८ किलोबाइट; आजच्या मोबाइलवरील एका छायाचित्राला याहून कितीतरी पट जागा लागते. ते यंत्र चालू केले की पुढ्यात येते ती प्रोग्रॅम लिहिण्याचीच जागा. 'प्रिंट' हा शब्द ते पाच अक्षरे म्हणून साठवीत नाही, २४५ हा एकच अंक म्हणून साठविते. प्रत्येक आज्ञेला असा एक अंक आहे. प्रोग्रॅममधील संख्येची गोष्ट आणखी गमतीची आहे. मुलाने १० लिहिले की यंत्र ते दोन अंक ठेवते आणि त्यांच्यामागे, कोणाला दिसू न देता, आणखी सहा बाइट ठेवते: एक खूण आणि पाच बाइटांत संख्येचे यंत्राला सोयीचे रूप. दोनाचे आठ होतात. म्हणून त्या काळातील चतुर लोक १० च्या जागी अवतरणचिन्हांत '१०' लिहून त्यापुढे 'व्हॅल' ही आज्ञा लावीत, आणि आठ बाइटांचे काम पाचांत भागवीत. असा हिशेब सातवीतील मूल बोटांवर करू शकते. आजच्या कोणत्याही संगणकाचा असा हिशेब कोणाला मांडता येईल?

आधुनिक एडिटरचे काम येथूनच सुरू होते. मूल साध्या मजकुरात लिहील. एडिटर त्याचे अंकांत रूपांतर करील, आणि मागितल्यास ते अंक उघडून दाखवील. चूक मागे घेणे, शब्द शोधणे, ओळींना नव्याने क्रमांक देताना 'गोटू'मागील क्रमांकही बदलणे, किती बाइट खर्च झाले ते कडेला सतत दाखविणे, ही सर्व आजची सुखे त्यात असावीत. कॅसेटच्या खरखरीचा आग्रह मी धरणार नाही. मूळ स्पेक्ट्रमवर एका कळीवर पाच-पाच अर्थ होते, तोही छळ नको. मात्र वाक्य अर्धे लिहिताच उरलेले आपणहून पुरे करणारी सोय त्यात नसावी, असे माझे ठाम मत आहे. यंत्राने सुचविलेले पारखून घेण्याची पात्रता आधी यावी लागते. ऐकीव म्हणून किंवा ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नका, असे कालामांना सांगणाऱ्या शास्त्याच्या नावाने चालणाऱ्या शाळेत हे अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

आज्ञा मराठीत असाव्यात का, यावर आमच्यात बराच वाद झाला. माझ्या मते नसाव्यात. शंभराच्या आत असलेले ते इंग्रजी शब्द मूल महिन्याभरात आत्मसात करते आणि ते पुढे दुसऱ्या भाषांतही उपयोगी पडतात. मराठी हवी ती यंत्राच्या उत्तरात. वाक्य चुकले तर स्पेक्ट्रमचा एक अहवाल असा आहे: 'नॉन्सेन्स इन बेसिक'. इंग्लंडमधील मध्यमवर्गीय मुलाने तो वाचून हसून सोडून दिला असेल. ज्याच्या घरात पाटी-पुस्तक प्रथमच आले, ज्याच्या आजोबांना शाळेच्या ओसरीवर बसविले गेले, त्याला यंत्राने पहिल्याच दिवशी 'तू लिहिलेस ते निरर्थक आहे' असे परक्या भाषेत सांगावे, हे मला मान्य नाही. 'हे वाक्य मला समजले नाही. या जागेपासून पुन्हा पाहा' असे ते म्हणू शकते. चूक तीच राहते, ती दाखविण्याची रीत बदलते. 'व्हेरिएबल नॉट फाउंड' याचे मराठी 'या नावाची पेटी अजून तयार झालेली नाही' असे केले, तर तो चुकीचा अहवालच एक धडा होतो. असे अहवाल विसाच्या घरात आहेत, मग सर्वांचे मराठी आपल्या शिक्षकांनी का करू नये?

आणि देवनागरीचे काय? पहिला प्रोग्रॅम मुले काय लिहितील ते मी आताच सांगतो: ओळ १० वर प्रिंट "जय भीम", ओळ २० वर गोटू १०. पडदा भरून जयघोष होईल आणि यंत्र 'स्क्रोल?' असे विचारीत थांबेल. परंतु तो जयघोष रोमन अक्षरांत असेल, कारण त्या यंत्राला देवनागरी ठाऊक नाही. येथेच खरा अभ्यास सुरू होतो. वापरणाऱ्याने स्वतः घडवायच्या २१ अक्षरांची जागा स्पेक्ट्रममध्ये राखलेली आहे. प्रत्येक अक्षर आठ ओळी आणि आठ स्तंभांच्या चौकटीत ठिपक्यांनी काढायचे. प्रत्येक ओळीचा एक आकडा होतो. आठही ठिपके भरले की २५५, म्हणजे आपली शिरोरेषा. ती पहिल्याच ओळीत काढली तर अनुस्वाराला आणि वेलांटीच्या वळशाला डोक्यावर जागा उरत नाही. म्हणून ती दुसऱ्या ओळीत उतरवावी लागते. ज, य, भ, दुसरी वेलांटी, म: पाच खण, चाळीस बाइट. पुढे 'शिका' लिहायला घेतले की नवी अडचण उभी राहते. पहिली वेलांटी उच्चारात श नंतर येते आणि कागदावर त्याच्या आधी. मनातला क्रम साठवायचा की डोळ्यांना दिसणारा? भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये इस्की हे मानक ठरविणाऱ्या तज्ज्ञांनाही हाच प्रश्न सोडवावा लागला, आणि त्यांनी उच्चाराचा क्रम निवडला. आपल्या आठवीच्या वर्गाने तो वाद स्वतः घालावा. २१ खणांत मराठी मावत नाही हे कळल्यावर कोणती अक्षरे घ्यायची आणि कोणती तूर्त वगळायची, हेही त्यांनीच ठरवावे. ठिपके भरण्याची चौकट मात्र एडिटरने द्यावी, आणि ५ हा अंक मुलाने देवनागरीत टंकला तरी तो निमूटपणे स्वीकारावा.

बेसिकवर थोर विद्वानांनी कठोर टीका केली आहे. 'गोटू'च्या सवयीने विचारांची शिस्त बिघडते, असे नेदरलँड्सचे संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांचे म्हणणे होते. ते सर्वस्वी खोटे नाही. लांब प्रोग्रॅमात 'गोटू'चा गुंता होतो. म्हणूनच एडिटरने प्रत्येक 'गोटू'पासून त्याच्या मुक्कामापर्यंत बाण काढून दाखवावा. स्वतःच निर्माण केलेला गुंता मुलांना डोळ्यांनी दिसला की नववीत पायथॉन शिकताना त्यातील शिस्त कशासाठी आहे, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही. पायथॉनला माझा विरोध मुळीच नाही.

परवान्याविषयी काही पालकांनी शंका विचारली होती. १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय विकत घेणाऱ्या अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीने स्पेक्ट्रमचा मूळ संच एम्युलेटरसोबत विनामूल्य देण्यास परवानगी दिलेली आहे. त्यामुळे आपला एडिटर पैसे न घेता इतर शाळांनाही देता येईल.

निधीचा मोठा भाग वर्गणीत जाऊ नये, इतकेच माझे मागणे आहे. त्यातून जुन्या संगणकांची दुरुस्ती व्हावी, वीज गेल्यावरही तास चालावा एवढी बॅटरी यावी आणि उरलेले काम आपण श्रमदानाने करावे. आपल्यापैकी कितीतरी माजी विद्यार्थी हिंजवडीत आणि खराडीत हेच काम पोटासाठी करतात. महिन्यातील दोन रविवार पुरेसे आहेत. अहवालांचे मराठी करण्यासाठी मराठीच्या शिक्षकांची आणि शब्द मुलांना कळतात का हे पाहण्यासाठी सहावीतल्या चार-पाच मुलामुलींची बैठक प्रथम घ्यावी. पहिल्या बैठकीपुढे ठेवण्यासाठी एक शब्द माझ्याकडे अडलेलाच आहे: पडदा भरल्यावर यंत्र जे 'स्क्रोल?' विचारते, त्याला 'पुढे सरकू का?' म्हणावे की नुसते 'पुढे?', यावर माझे आणि माझ्या मुलीचे अजून एकमत झालेले नाही.